वर्गासाठी पदरमोड: करात काय मिळते, काय नाही आणि पैसा कुठून मागायचा

शाळा उघडायच्या आठवड्यात साताऱ्यात राजपथावर आणि सांगलीत हरभट रोडला स्टेशनरीच्या दुकानांत गुरुजी आणि बाई हमखास भेटतात. कार्डशीट, स्केचपेन, रंगीत खडू, फेव्हिकॉल, लॅमिनेशनचे पाऊच, पहिलीच्या मुलांसाठी मण्यांची पाकिटे. पिशवी भरते, फोन पुढे करून पैसे दिले जातात आणि बिल काउंटरवरच राहते. वर्षभर असेच चालते. कधी झेरॉक्स, कधी प्रिंटरची शाई, कधी एखाद्या मुलाची वही. हा खर्च कोणी सांगितलेला नसतो आणि कोणी विचारतही नाही.

आपल्या भागात ही रीत जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. अलीकडच्या काळात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी खडे, चिंचोके, काड्या, बाटल्यांची झाकणे आणि फरशीवरची रेखाटने यांच्या आधारे ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानंतर तसे वर्ग गावोगावी तयार झाले. चिंचोके फुकट मिळतात, पण ऑइलपेंट, ब्रश, फ्लेक्स आणि लॅमिनेशन फुकट मिळत नाही. त्यातला बराच पैसा शिक्षकांच्या खिशातून गेला.

मार्च जवळ आला की मग प्रश्न येतो: वर्गासाठी केलेल्या या खर्चाची आयकरात वजावट मिळते का? या लेखात आधी त्याचे उत्तर देतो. त्यानंतर त्याहून उपयोगाची गोष्ट सांगतो, ती म्हणजे हा खर्च मुळात कोणत्या पैशातून व्हायला हवा.

थेट उत्तर

पगारदार शिक्षकाला, मग तो जिल्हा परिषदेचा असो, नगरपालिकेचा असो, अनुदानित संस्थेचा असो की खासगी इंग्रजी शाळेचा, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या शैक्षणिक साहित्यासाठी आयकरात वेगळी वजावट नाही. जुन्या करप्रणालीत नाही आणि नव्या करप्रणालीतही नाही.

याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. दुकानदार किंवा डॉक्टर आपल्या धंद्याचा खर्च उत्पन्नातून वजा करतो. पगाराच्या उत्पन्नाला तो नियम लागू नाही. पगारातून मोजक्याच वजावटी मिळतात आणि त्यातली मुख्य म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजेच प्रमाणित वजावट. नव्या प्रणालीत ती ७५,००० रुपये आहे, तर जुन्या प्रणालीत ५०,००० रुपये. ती प्रत्येक पगारदाराला मिळते आणि तिच्यासाठी एकही पावती लागत नाही. नोकरीपायी होणारा किरकोळ खर्च यातच आला, असे कायदा धरून चालतो. जुन्या प्रणालीत याशिवाय व्यवसाय कराची वजावट मिळते. आपल्याकडे हा कर वर्षाला २,५०० रुपये कापला जातो. नव्या प्रणालीत ही वजावट मिळत नाही.

मग ‘शिक्षकांना साहित्यखर्चाची सूट मिळते’ हे कानावर कुठून येते? ते परदेशातून येते. अमेरिकेत शाळेतल्या शिक्षकांना २००२ पासून अशा खर्चासाठी २५० डॉलरपर्यंत वजावट होती आणि २०२२ पासून ती ३०० डॉलर झाली. कॅनडात १,००० डॉलरपर्यंतच्या खर्चाच्या २५ टक्के रक्कम करातून कमी होते. तिकडच्या नातेवाइकांकडून किंवा एखाद्या व्हिडिओतून ही माहिती इकडे येते आणि गटात फिरू लागते. भारताच्या कायद्यात तशी तरतूद नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ ने घेतली. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण शिक्षकांसाठी अशी वजावट आलेली नाही. वाचकांना ओळखीचे म्हणून या लेखात जुनेच क्रमांक वापरले आहेत.

वजावट असती तरी कोणाला मिळाली असती?

हे नीट पाहण्यासारखे आहे. वजावट करपात्र उत्पन्नातून होते, म्हणून ज्याला कर लागतो त्यालाच तिचा फायदा मिळतो. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पासून महिना १६,००० रुपये आहे. वर्षाचे १,९२,००० होतात आणि त्यावर कर शून्य. पाटणच्या किंवा शिराळ्याच्या डोंगरातल्या शाळेवर नव्याने रुजू झालेल्या मुलाने वर्गासाठी चार हजार खर्च केले, तर कोणत्याही वजावटीने त्याच्या हातात एक रुपयाही परत आला नसता.

जुन्या शिक्षकांचे काय? २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७-ए च्या सवलतीमुळे पगारावर कर लागत नाही. प्रमाणित वजावट धरली तर १२,७५,००० पर्यंतचा पगार करमुक्त होतो. म्हणजे जिल्हा परिषदेतल्या पुष्कळ शिक्षकांना आज कर लागतच नाही. खिशाला खरी झळ बसते ती कमी पगाराच्या शिक्षकाला, आणि करातली सूट नेमकी त्याच्यापर्यंत पोचत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी त्यावरच यायचे आहे.

देणगीचा रस्ता: चालतो, पण अटींवर

वस्तू विकत घेऊन वर्गात ठेवली तर वजावट नाही. पण तोच पैसा देणगी म्हणून रीतसर दिला, तर जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला कलम ८०-जी खाली वजावट मिळू शकते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही. अटी अशा आहेत:

- देणगी पैशात हवी. प्रोजेक्टर, कपाट, पंखे अशा वस्तूरूप देणगीला वजावट नाही.
- रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ती धरली जात नाही. चेक, यूपीआय किंवा बँकेतून द्या.
- संस्थेकडे चालू मुदतीची ८०-जी नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि आयकराच्या संकेतस्थळावर पडताळा.
- संस्थेने आयकर खात्याला देणग्यांचे विवरण भरून तुम्हाला फॉर्म १०-बीई हे प्रमाणपत्र द्यायला हवे. साधी पावती पुरेशी नाही.
- शिक्षणसंस्थांच्या न्यासांना दिलेल्या देणगीवर साधारणपणे ५० टक्के वजावट मिळते, पण त्यासाठी देणगी एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच धरली जाते.

हिशेब करून पाहू. तुम्ही संस्थेला १०,००० रुपये चेकने दिले. वजावट ५,००० रुपयांची. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून १,०४० रुपये वाचले. त्या पैशातून संस्थेने तुमच्या शाळेसाठी साहित्य घेतले तर दोन्ही कामे झाली. मात्र एवढ्यासाठी जुनी प्रणाली निवडू नका. तिथे एकूण कर जास्त भरावा लागत असेल तर हजाराच्या बचतीला अर्थ उरत नाही.

जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीकडे सहसा ८०-जी नोंदणी नसते. त्यामुळे समितीच्या खात्यात दिलेल्या पैशावर वजावट धरता येत नाही. जिल्हा परिषद, नगरपालिका अशा स्थानिक स्वराज्य संस्थांना धर्मादाय कामासाठी दिलेल्या देणगीला कायद्यात ५० टक्के वजावटीची तरतूद आहे. पण तो पैसा त्या संस्थेच्या अधिकृत खात्यात गेला पाहिजे, आणि पॅनसह पावती तुमच्या हातात आली पाहिजे. मोठी रक्कम देणार असाल तर आधी शिक्षण विभागात आणि करसल्लागाराकडे विचारून घ्या.

८०-जी ची वजावट पगार काढणारे कार्यालय सहसा धरत नाही. ती विवरणपत्र भरताना तुम्हालाच दाखवावी लागते. फॉर्म १६ मध्ये ती दिसली नाही म्हणून ती गेली, असे समजू नका.

शाळेनेच खर्च दिला तर

साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत खासगी व्यवस्थापनाच्या पुष्कळ शाळा आहेत. तिथल्या शिक्षकांनी व्यवस्थापनाकडे एक साधी मागणी करावी: पगारात वाढीव आकडा दाखवण्यापेक्षा साहित्याचे बिल शाळेच्या नावाने घेऊ द्या आणि त्या बिलावर पैसे परत द्या. शाळेचा खर्च शाळेने परत केला तर ते तुमचे उत्पन्न होत नाही आणि कर लागण्याचा प्रश्नच येत नाही. तोच पैसा ‘साहित्य भत्ता’ म्हणून सरसकट पगारात घातला, तर नव्या प्रणालीत तो करपात्र होतो. लॅपटॉपचेही तसेच. शाळेने तो स्वतःच्या नावाने घेऊन तुम्हाला वापरायला दिला तर त्या वापरावर कर नाही. तुम्ही पगारातून घेतला तर त्याची वजावट नाही.

बालवर्ग, चित्रकलेचे किंवा संगीताचे क्लास स्वतः चालवणाऱ्यांचे उत्पन्न पगार नसून व्यवसायाचे असते. त्यांना कागद, रंग, फळा, जागेचे भाडे, वीजबिल हा खर्च पावत्यांच्या आधारे वजा करता येतो. संगणक आणि फर्निचर यांचा घसारा मिळतो. अंदाजित उत्पन्नाची सोपी पद्धत निवडली, तर मात्र खर्च वेगळा वजा होत नाही. पूर्णवेळ शिक्षकांनी या वाटेला जाऊ नये. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई करते.

हक्काचा पैसा कुठे आहे?

सर्व शिक्षा अभियानाच्या काळात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये शिक्षक अनुदान मिळत असे. रक्कम छोटी होती, पण ती शिक्षकाच्या हातात येत होती. २०१८-१९ पासून समग्र शिक्षा आली आणि शाळेला पटसंख्येनुसार एकत्रित अनुदान मिळू लागले. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००, २५१ ते १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यावर एक लाख. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी राखायचा असतो.

कोयनेच्या खोऱ्यातल्या किंवा जावळीतल्या दोनशिक्षकी शाळेचा विचार करा. पट पंधरा-वीस, अनुदान १०,०००. त्यात वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, खडू, रजिस्टर असे सगळे बसवायचे आणि उरले तर साहित्य. पैसे बऱ्याचदा वर्षाच्या उत्तरार्धात येतात आणि साहित्य जूनमध्ये लागते. पदरमोड होते ती इथे.

म्हणून अनुदानाची वाट पाहत बसण्यापेक्षा जूनमध्येच हे करा:

एक, शाळा विकास आराखड्यात साहित्य लिहा. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीवर हा आराखडा करण्याची जबाबदारी टाकली आहे. ‘शैक्षणिक साहित्य’ असे मोघम लिहू नका. ‘इयत्ता पहिली-दुसरी: गणितपेटीचे सुटे भाग, अक्षरकार्डांचे तीन संच, फळ्याचा रंग’ असे लिहा आणि समोर अंदाजे किंमत टाका. आराखड्यात नसलेला खर्च मागाहून मंजूर करून घेणे अवघड जाते.

दोन, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळा घाला. गावाच्या विकास आराखड्याची तयारी ऑक्टोबरपासून सुरू होते. वित्त आयोगाच्या निधीतून आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून शाळेची कामे होऊ शकतात. महिला व बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीला उत्पन्नाचा १० टक्के हिस्सा राखावा लागतो. ग्रामसभेत तोंडी विनंती करून भागत नाही. समितीच्या ठरावाची प्रत जोडून लेखी मागणी द्या आणि तिची पोच घ्या.

तीन, लोकसहभाग नेमका मागा. पलूस, वाळवा, कराड पट्ट्यात साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था आहेत. मुंबईला माथाडीत किंवा गलाई व्यवसायात परप्रांती गेलेले गावकरीही आहेत. ‘शाळेला मदत करा’ म्हटले की शंभर-पाचशे येतात. ‘दोन वर्गांसाठी वाचनपेट्या हव्यात, एका पेटीला इतके रुपये’ म्हटले की एखादा माणूस अख्खी पेटी उचलतो. केंद्र सरकारच्या विद्यांजली संकेतस्थळावरही शाळेला आपली गरज नोंदवता येते.

बिल, ठराव आणि डेडस्टॉक

आता त्या काउंटरवर राहिलेल्या बिलाकडे येऊ. परत मिळू शकणारा पैसा बहुतेक वेळा कागद नसल्यामुळे बुडतो.

बिल तुमच्या नावाने घेऊ नका. दुकानदाराला सांगा, ‘मुख्याध्यापक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ आणि पुढे गाव, तालुका लिहा. बिलावर दुकानाचे नाव, बिल क्रमांक, तारीख आणि प्रत्येक वस्तूची संख्या व दर हवा. ‘स्टेशनरी, रु. १,४५०’ असे एका ओळीचे बिल लेखापरीक्षणात टिकत नाही. यूपीआयने पैसे दिले असतील तर व्यवहाराचा क्रमांक बिलाच्या पाठीमागे लिहून ठेवा. छापलेल्या पावतीची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून तिची झेरॉक्स काढा.

पैसे आगाऊ तुम्ही भरत असाल तर खरेदीच्या आधी समितीच्या सभेत ठराव घ्या. तो असा असू शकतो:

‘इयत्ता पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी सोबतच्या यादीप्रमाणे शैक्षणिक साहित्य जास्तीत जास्त रु. ३,००० पर्यंत खरेदी करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. अनुदान प्राप्त होईपर्यंत ही रक्कम मुख्याध्यापकांनी स्वतः भरावी व अनुदान जमा झाल्यावर मूळ बिलांच्या आधारे त्यांना अदा करावी. ठराव सर्वानुमते मंजूर.’

नियमांची आणि त्या वर्षीच्या सूचनांची खातरजमा केंद्रप्रमुखांकडे करून घ्या. खरेदीची पद्धत आणि रक्कम देण्याची पद्धत वेळोवेळी बदलते. एक गोष्ट मात्र बदलत नाही: खर्चानंतर घेतलेल्या ठरावापेक्षा आधी घेतलेला ठराव केव्हाही भक्कम. पोषण आहारातल्या इंधन-भाजीपाल्याचा खर्च आधी स्वतः करणाऱ्या मुख्याध्यापकांनीही अशीच फाइल ठेवावी. महिन्यांनी तुमच्या खात्यात परत आलेला तो पैसा उत्पन्न नाही, पण ते दाखवायला व्हाउचर हवे.

वस्तू आली की नोंद करा. टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, संपणारी वस्तू साठा नोंदवहीत. तुम्ही स्वतः भेट दिलेली वस्तूही डेडस्टॉकला लावा आणि ‘शिक्षकांकडून भेट’ असा शेरा लिहा. बदली झाली की ती वस्तू शाळेची म्हणून राहते आणि तुमच्यावर कोणी बोट दाखवत नाही. याचे दुसरे महत्त्वही आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात मिरज, पलूस, वाळवा, शिराळा तालुक्यांत कृष्णा-वारणेकाठची गावे पाण्याखाली गेली. पंचनाम्यात नुकसान सिद्ध करायचे तर वस्तू मुळात शाळेत होती याची नोंद लागते. रजिस्टर वरच्या मजल्यावर ठेवा आणि दर सत्रअखेर त्याच्या पानांचे फोटो काढून समितीच्या अध्यक्षांकडेही द्या.

वर्गणी स्वतःच्या फोनवर घेऊ नका

हा इशारा वेगळा द्यावासा वाटतो. माजी विद्यार्थ्यांच्या गटात आवाहन होते, ‘सरांच्या नंबरवर पाठवा’ आणि सत्तर-ऐंशी हजार रुपये शिक्षकाच्या बचत खात्यात जमतात. हेतू चांगला असतो, पण कायद्याच्या नजरेत तो तुमच्या खात्यात आलेला परक्यांचा पैसा आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम विनामोबदला मिळाली तर ती सगळीच करपात्र ठरू शकते. हा शाळेचा पैसा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग तुमच्यावर येते. गावातही कुजबुज सुरू होते. वर्गणी समितीच्या खात्यातच घ्या, पावतीबुक छापून घ्या आणि जमाखर्च शाळेच्या सूचनाफलकावर लावा.

करात खरी बचत कुठे होते?

साहित्याच्या दोन-तीन हजारांसाठी धडपडताना शिक्षकांच्या हातून मोठ्या रकमा सुटतात. तीन ठिकाणे पाहा.

पहिले, थकबाकी. वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता, वरिष्ठ श्रेणीचा फरक किंवा अडलेला पगार एकाच वर्षी मिळाला की उत्पन्न फुगते. समजा नेहमीचा पगार ११,९०,००० आहे. प्रमाणित वजावटीनंतर नव्या प्रणालीत कर शून्य. त्याच वर्षी १,८०,००० थकबाकी मिळाली. आता करपात्र उत्पन्न १२,९५,००० झाले आणि उपकरासह कर ७७,२२० रुपये लागला. हा पैसा मुळात ज्या वर्षांचा होता त्या वर्षी मिळाला असता तर जादा कर ३७,४४० रुपये झाला असता, असे धरू. कलम ८९ खाली वरचे ३९,७८० रुपये सवलत म्हणून मिळतात, आणि ही सवलत नव्या प्रणालीतही आहे. त्यासाठी विवरणपत्राच्या आधी फॉर्म १०-ई ऑनलाइन भरावा लागतो. तो न भरता सवलत मागितली तर नोटीस येते. वर्षनिहाय थकबाकीचा तक्ता कार्यालयाकडून आधीच मागून ठेवा.

दुसरे, एनपीएस. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्या आणि एनपीएसमध्ये असलेल्या शिक्षकांच्या खात्यात शासनाचाही हिस्सा जातो. तो आधी पगारात मिळवतात आणि मग कलम ८०-सीसीडी(२) खाली मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा करतात. ही वजावट नव्या प्रणालीतही मिळते. फॉर्म १६ मध्ये शासनाचा हिस्सा उत्पन्नात धरला आहे आणि वजावटीत सुटला आहे असे दिसले तर दुरुस्ती मागा.

तिसरे, करप्रणालीची निवड. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला ही निवड दरवर्षी करता येते. कार्यालयात एक प्रणाली सांगितली असली तरी मुदतीत विवरणपत्र भरताना दुसरी घेता येते. गृहकर्जाचे मोठे व्याज, घरभाडे आणि भरलेली ८०-सी असणाऱ्यांनी दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. फॉर्म १६ साधारण १५ जूनपर्यंत मिळतो आणि विवरणपत्राची मुदत सहसा ३१ जुलै असते. भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा.

रिफंड काढून देणाऱ्यांपासून सावध

‘चार टक्के द्या, कापलेला सगळा कर परत आणून देतो’ म्हणणारे एजंट कार्यालयांच्या आसपास फिरतात. ते विवरणपत्रात न दिलेली देणगी, न भरलेले घरभाडे किंवा खोटी राजकीय वर्गणी दाखवतात. साहित्यखर्चाच्या नावाखाली काही दाखवले तर तेही खोटेच. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा बनावट वजावटींविरुद्ध देशभर तपासणी मोहीम उघडली. खोटी माहिती दिल्यास चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एजंट नामानिराळा राहतो आणि नोटीस तुमच्या पॅनवर येते. पूर्वी असे झाले असेल तर सुधारित किंवा अद्ययावत विवरणपत्र भरून, कर आणि व्याज देऊन मोकळे होता येते. अद्ययावत विवरणपत्राची मुदत आता ४८ महिन्यांपर्यंत आहे. विश्वासू करसल्लागाराकडे जा आणि नोटिशीची वाट पाहू नका.

संघटनांनी काय मागावे?

दोन्ही जिल्ह्यांत शिक्षकांच्या संघटना आणि शिक्षक बँका मजबूत आहेत. त्यांच्या व्यासपीठावर अधूनमधून शिक्षकांसाठी साहित्यखर्चाच्या करवजावटीची मागणी होते. मला ती मागणी अपुरी वाटते. ती मिळाली तर जास्त पगाराच्या मोजक्या शिक्षकांचे वर्षाला काही शे रुपये वाचतील. सोळा हजारांवर काम करणाऱ्या शिक्षणसेवकाला आणि विनाअनुदानित शाळेतल्या बाईंना काहीच मिळणार नाही.

मागायचे असेल तर बंद पडलेले शिक्षक अनुदान मागा. प्रत्येक वर्गशिक्षकाला, आजच्या भावाप्रमाणे, आणि मार्चमध्ये न देता जूनच्या पहिल्या आठवड्यात. वीस पटाच्या शाळेला पटावर मोजलेल्या अनुदानात काही उरत नाही, म्हणून त्या शाळांसाठी किमान रक्कम वाढवून मागा.

ही मागणी आकड्यांशिवाय टिकणार नाही. त्यासाठी या जूनपासून एक वही करा: तारीख, वस्तू, रक्कम, कोणत्या इयत्तेसाठी, पैसे परत मिळाले की नाही. वर्षाअखेर केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या बेरजा केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. जत आणि आटपाडीपासून महाबळेश्वर आणि खंडाळ्यापर्यंतच्या शाळांचे असे आकडे एकत्र आले, तर ‘शिक्षक करतातच की’ म्हणून हा प्रश्न कोणाला बाजूला सारता येणार नाही. मुलांसाठी स्वतःहून देण्यात आनंद आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. पण खडू आणि कागद हा शाळेचा खर्च आहे आणि तो शाळेच्या खात्यातूनच झाला पाहिजे.